खड्ड्याच्या दोन बादल्या

यंदा आमच्या गल्लीत पुन्हा टँकर यायला लागला. चैत्र सरायच्या आतच नळाची पाळी आठवड्यावर गेली आणि पुंडलिकनगरच्या मागच्या अंगाला, जिथं मी एका खोलीत राहतो, तिथं सकाळपासून पिंपांची रांग लागू लागली. टँकर आला की बायकांचं लक्ष तोटीकडं असतं, पोरांचं ड्रायव्हरकडं आणि माझं टाकीच्या पोटाकडं. वेल्डिंग करताना कुठल्या जोडावर हात स्थिर होता, कुठं घाई झाली, कुठं दिवस कलल्यावर कसंबसं उरकलं, हे मला रंगाखालूनही दिसतं. शेजारच्या वहिनी एकदा म्हणाल्याच, "अहो सर, हंडा लावा की! टाकी काय बघताय पोरगी बघायला आल्यासारखी?" सगळ्या हसल्या. मीही हसलो आणि हंडा लावला. माझं लग्न झालेलं नाही, त्यामुळं असल्या विनोदांना गल्लीत चांगला खप आहे.

मागच्या पंधरवड्यात मात्र एक जुनी टाकी आली. निळा रंग, त्याखाली हिरवा, त्याच्याही खाली तांबडा. मागच्या गोल झाकणाचा जोड बघता बघता मी थांबलो. वेल्डिंगचा जोड नीट बघितला तर त्यावर माशाच्या खवल्यांसारखे थर दिसतात. या जोडावर निम्म्या गोलापर्यंत खवले एकाला एक लागून, एका मापाचे बसले होते. मग एके ठिकाणी बोटभर गाठ होती, आणि गाठीच्या पुढं खवले रुंद, कमीजास्त, एकमेकांपासून फटकून पडलेले. गाठीच्या अलीकडचा हात शब्बीरमिस्त्रीचा होता, ज्याच्या हाताखाली मी काम केलं. पलीकडचा माझा. वेल्डरला हात ओळखू येतो, जसं आपल्याला घरातल्या माणसाचं अक्षर ओळखू येतं. मागं हंडा भरून वाहायला लागला आणि कुणीतरी माझ्या नावानं ओरडलं.

त्या गाठीच्या जागी एक दुपार आहे. त्या दुपारबद्दलची एक गोष्ट मी मिस्त्रीला सांगायला हवी होती, ती एक तप झालं तरी सांगितली नव्हती.

तो उन्हाळा मला नुसत्या वासानंही आठवतो. तांबड्या प्रायमरचा वास, रॉडवरचा लेप जळाला की येणारा खारट धूर, तापलेल्या पत्र्याचा वास आणि त्या सगळ्यात मिसळलेला आमच्या घामाचा. संभाजीनगरबाहेर, वाळूजच्या पलीकडं, जिथं कारखाने संपून माळ सुरू व्हायचा, तिथं आमची पत्र्याची शेड होती. शेडमध्ये आम्ही पाण्याचे टँकर बनवायचो. आदल्या वर्षी पाऊस हुकला होता, त्याच्याही आदल्या वर्षी हुकला होता. गावोगाव टँकरची मागणी. सपाट पत्रा रोलिंग होऊन, गोल वळून यायचा, आम्ही तो जोडायचो, आत आडवे पत्रे लावायचो म्हणजे चालत्या गाडीत पाणी हिंदकळत नाही, मागंपुढं झाकणं बसवायचो, आणि टाकी ट्रकवर चढायची. दुष्काळ ही आमची सुगी होती. हे लिहितानाही लाज वाटते, पण त्या वर्षी आमच्या शेडमध्ये जेवढं काम आलं तेवढं पुन्हा कधी आलं नाही.

आणि शहर वाढत होतं. प्यायला पाणी नाही म्हणून कुणी बांधकाम थांबवलं नाही. माळावर चुन्याच्या रेघा पडत होत्या, प्लॉटचे दगड रोवले जात होते, कालच्या बाजरीच्या रानात आज 'स्वप्नातलं घर' असं लिहिलेली कमान उभी राहत होती. मला त्या कमानींची गंमत वाटायची. स्वप्नातलं घर बघायला येणारी माणसं मोटारीतून उतरायची, रिकाम्या माळाकडं बघायची आणि पहिला प्रश्न विचारायची तो पाण्याचा. कमानीखालचा माणूस हात लांब करून पैठणच्या दिशेला दाखवायचा, जणू धरण त्याच्या खिशात आहे.

मी फर्दापूरकडचा. घरी मेंढरं होती. बाप, चुलते सगळे मेंढरांमागं आयुष्यभर चालले. मला चालायचं नव्हतं. एका जागी उभं राहून करायचं काम हवं होतं, म्हणून मी वेल्डिंग शिकलो आणि शहरात आलो. एका जागी उभं राहणं मिळालं, पण माणसं मागं राहिली. खोलीवर गेलो की उद्या सकाळपर्यंत कुणाशी बोलायचं कारण पडत नसे. सुट्टीच्या दिवशी तर कधी कधी संध्याकाळी चहाच्या टपरीवर 'एक कट' म्हटलं की माझाच आवाज मला घोगरा वाटायचा, सकाळपासून वापरलेला नसायचा म्हणून.

वेल्डिंगचं कामही तसंच एकट्यानं करायचं. डोळ्यांपुढं काळी काच ओढली की शेड नाहीशी होते, माणसं नाहीशी होतात. रॉड टेकवला की अंधारात एक ठिणगीएवढं जग उजळतं, त्यात वितळलेल्या लोखंडाचा थेंब, आणि तो थेंब घेऊन आपण पुढं सरकत राहायचं. टाकीच्या आत उतरलं की मग बघायलाच नको. त्या ठिणगीबाहेर आपण आहोत की नाही असा प्रश्न पडावा, इतका माणूस त्यात बुडतो.

म्हणूनच मिस्त्रीचे ठोके मला फार आवडायचे. मी आत असलो की शब्बीरमिस्त्री बाहेर मशीनच्या बटणापाशी स्टूल टाकून बसायचा. अधूनमधून हातोडीनं टाकीवर तीन ठोके मारायचा. आतून मी तीन मारायचे. म्हणजे मी शुद्धीवर आहे. एक जरी कमी पडला तरी तो बटण पाडून झाकणाच्या भोकात डोकं घालायचा. "सोपान! सो गया क्या?" दिवसभरात माझं नाव घेणारा तो एकटा माणूस होता. कधी कधी मी मुद्दाम दोनच ठोके मारायचो. त्याला ते कळलं तेव्हा त्यानं मला अशी शिवी दिली, की आता ती छापता येणार नाही.

मिस्त्री सिल्लोडचा. बायको आणि दोन मुली तिकडं, तो इकडं शेडच्या मागच्या खोलीत. दर रविवारी सिल्लोडला जायचा आणि सोमवारी येताना भाभींनी दिलेल्या ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याचा ठेचा आणायचा. निम्मा डबा माझा, हे त्यानं कधी बोलून दाखवलं नाही, पण भाकरी मोजून आणायचा. पन्नाशीच्या आतबाहेर, बारीक अंगाचा, दाढीत ठिणग्यांनी पडलेली दोन भोकं. त्याचे नियम फार. ओल्या हातानं मशीनला शिवायचं नाही. शर्ट भिजला की बदलायचा. टाकीत उघड्या लोखंडावर गुडघा टेकायचा नाही, खाली फळी आणि रबर हवं. कुणी नवा माणूस काचेशिवाय ठिणगीकडं बघून डोळे लाल करून घ्यायचा, त्याच्या डोळ्यांवर तो बटाट्याच्या चकत्या ठेवून द्यायचा आणि म्हणायचा, "झोप आता. आग बघायला बायको हाय ना घरी!"

त्याचा सगळ्यात मोठा नियम खड्ड्याचा. शेडच्या मागं अर्थिंगचा खड्डा होता. खोल खड्ड्यात तांब्याची पट्टी पुरलेली, भोवती कोळसा आणि खडेमीठ, आणि वर पाणी ओतायला एक नळी. मशीनच्या आत कुठं तार उघडी पडली आणि वीज लोखंडी पेटीत उतरली, तर ती त्या पट्टीवाटे जमिनीत जाते, फ्यूज उडतो, आणि माणूस वाचतो. पण जमीन ओली असली तरच. कोरड्या मातीतून वीज जात नाही, ती दुसरी वाट शोधते, आणि घामानं भिजलेल्या माणसाइतकी सोपी वाट तिला दुसरी मिळत नाही. म्हणून रोज सकाळी मशीन चालू करायच्या आधी खड्ड्याला दोन बादल्या पाणी. "पहले खड्डा पियेगा, फिर आपण," मिस्त्री म्हणायचा. शेडमध्ये दिवसाआड एक पिंप पाणी यायचं, शेठनं त्याला कुलूप घातलेलं, किल्ली मिस्त्रीकडं. एक माठ प्यायला, दोन बादल्या खड्ड्याला, उरलेलं हातपाय धुवायला. त्या दोन बादल्या ओतायचं काम माझं होतं.

वैशाखात ती बाई आली. शेडला लागून मोकळा प्लॉट होता, तिथं एका सकाळी अकरा मेंढरं आणि एक म्हातारी दिसली. डोक्यावर घोंगडीची खोळ, हातात काठी, पायात टायरच्या चपला. नवरा आणि मुलगा मोठा कळप घेऊन गोदावरीच्या अंगाला गेले होते. ज्यांना चालवत नव्हतं अशी मेंढरं आणि लहान कोकरं घेऊन ती मागं राहिली होती. तिनं वाट धरली होती खरी, पण शहर तिच्या वाटेवर येऊन बसलं होतं. पूर्वी जिथं ओढा होता तिथं आता कंपाउंड होतं.

मी दोन बादल्या घेऊन शेडच्या मागं गेलो, तर मेंढरं पाण्याच्या वासानं तारेच्या कुंपणापाशी येऊन उभी राहिली. ओरडत नव्हती. मेंढरू फार तहानलं की ओरडत नाही, मान खाली घालून नुसतं धापा टाकतं. हे ज्यानं लहानपणी बघितलंय त्याला ते लांबूनही कळतं. माझ्या तोंडून नकळत बापासारखा आवाज निघाला, जीभ टाळूला लावून काढतात तो. सगळ्या माना वर झाल्या.

"मेंढरामागचा हाय व्हय रं तू?" म्हातारीनं विचारलं.

"व्हय, मावशी."

"मग तुला काय सांगू? मला नको पानी. मी मागून खाईन, मागून पिईन. ह्या मुक्या जितराबाला घोटघोट दे."

मी बादलीकडं बघितलं आणि खड्ड्याच्या नळीकडं बघितलं. एवढं स्वच्छ पाणी आता मी मातीत ओतणार, आणि समोर अकरा तोंडं. माझ्या हातून ते झालं नाही. दुसऱ्या कुणा वेल्डरच्या हातून कदाचित झालं असतं. त्याला वाईट वाटलं असतं, पण त्यानं ओतलं असतं. मी कुंपणाची तार वर उचलली आणि दोन्ही बादल्या आत घेतलेल्या मेंढरांपुढं ठेवल्या. कोकरं गुडघ्यावर बसून पीत होती. त्यांच्या पाठीवरून हात फिरवताना किती महिन्यांनी मी कुणाला तरी शिवतोय असं वाटलं, आणि डोळ्यांत पाणी आलं. मला फार बरं वाटलं होतं त्या सकाळी, खोटं कशाला सांगू.

उद्यापासून खड्ड्यात ओतू, असं ठरवलं. मग दुसऱ्या दिवशी तीच मेंढरं. तिसऱ्या दिवशी म्हातारी माझी वाट बघत बसलेली. तिच्याशी चार शब्द व्हायचे. कुठल्या गावचा, आई हाय का, लगीन का नाय केलंस. माझ्या घरच्यांसारखी बोलायची ती. 'लेकरा' म्हणायची. तेवढ्यासाठीही मी जात असेन. आणि मशीनला काही झालं नव्हतं. रोज बटण दाबलं जायचं, रोज काम व्हायचं. दगा देणाऱ्या गोष्टी पहिल्याच दिवशी दगा देत नाहीत. मिस्त्रीनं एकदा विचारलं, "खड्डा पिया?" मी म्हटलं, "पिया." त्यानं माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं आणि काच खाली ओढली.

असे आठ-दहा दिवस गेले असतील. त्या दुपारी मिस्त्री शिडीवर उभा राहून मागच्या झाकणाचा जोड मारत होता. शेठ दोनदा येऊन गेला होता, टाकी संध्याकाळी जायची होती. मी सहा पावलांवर लोखंडी अँगल कापत होतो. पत्र्याखाली अशी धग, की टिकलीएवढी सावलीही भाजत होती. निम्मा गोल झाल्यावर मिस्त्री खाली उतरला. वीज थोडी वाढवायची होती. शर्ट अंगाला चिकटलेला. तोंड पुसायला म्हणून त्यानं उजव्या हाताचा मोजा काढला, तोंड पुसलं, आणि त्याच ओल्या हातानं मशीनच्या चाकाला हात घातला.

आवाज काही झाला नाही. मी मान वर केली तर तो चाक धरून उभा. मला वाटलं, विचार करतोय. किती वाढवावी, असं मनात मोजतोय. हे मला सगळ्यात जास्त छळतं, की मी त्याच्याकडं बघत होतो आणि मला वाटलं, विचार करतोय. मग त्याचे दात दिसले. मी धावत जाऊन बटण पाडलं. तो सुटून खाली पडला, नेमका कापलेल्या अँगलच्या ढिगावर, उजवा हात अंगाखाली.

तो वाचला. सरकारी दवाखान्यात महिनाभर राहिला. तळहात भाजला होता, मनगट आत कुठंतरी तुटलं होतं, आणि शेवटची दोन बोटं वाकडी झाली ती पुन्हा सरळ झाली नाहीत. रॉड धरणारा हात गेला. शेडमध्ये वायरमन येऊन गेला. मशीनची आतली तार जळून पेटीला टेकली होती. मागं जाऊन त्यानं खड्ड्यात सळई घातली, वर काढली, आणि बोटानं पुसून शेठला दाखवली. सळईला नुसती धूळ. "ह्याला पाणी असतं तर फ्यूज उडाला असता, माणसाला नुसता झटका बसला असता," तो म्हणाला. मी तिथंच उभा होतो. पाणी कुणी ओतायचं होतं, हे शेठ आता मला विचारणार असं वाटलं. शेठनं विचारलं नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

संध्याकाळी म्हातारी कुंपणापाशी आली. तिला काही कळलेलं नव्हतं. मी तिच्यावर ओरडलो. तुझ्या मेंढरांपायी माझा माणूस मेला असता, असं काहीतरी. तिनं काठी उचलली. मग म्हणाली, "वरडू नको रं लेकरा. जाते मी." सकाळी प्लॉट रिकामा होता.

दवाखान्यात मी एकदा गेलो. दारातून दिसलं, भाभी त्याला घास भरवत होत्या. तो लहान मुलासारखं तोंड उघडत होता. मी तिथूनच मागं फिरलो. उद्या जाऊ म्हटलं. उद्या म्हटलं, सिल्लोडला गेल्यावर निवांत जाऊ. निम्म्यावर राहिलेला तो जोड शेठनं मला पुरा करायला लावला. पुढच्या महिन्यात मला मिस्त्री केलं. त्याचं स्टूल मला मिळालं, त्याची काळी काच मला मिळाली, किल्ली मला मिळाली. या सगळ्या वस्तू वापरणारा माणूस त्याच्या दारात कोणत्या तोंडानं जाणार? आपण सांगितलं नाही की ते न सांगणंच दर वर्षी मोठं होत जातं. पहिल्या वर्षी नुसता गुन्हा कबूल करायचा होता. पाचव्या वर्षी पाच वर्षं का आला नाहीस याचंही उत्तर द्यावं लागणार होतं. दहाव्या वर्षी मी सिल्लोडच्या गाडीची पाटीसुद्धा वाचायचं टाळायला लागलो.

मी माणसंही टाळायला लागलो. एक स्थळ आलं होतं, चांगलं होतं, मी कारणं सांगत राहिलो. आपल्यावर कुणी भरवसा ठेवावा याची भीती बसली होती. हीच आपली शिक्षा, असं मी ठरवून टाकलं आणि एकटा राहिलो. शिक्षा स्वतःच ठरवली की एक सोय असते, ती आपल्या मापाची शिवता येते.

आता मी एका प्रशिक्षण केंद्रात वेल्डिंग शिकवतो. नव्या तुकडीचा पहिला तास मशीनपाशी होत नाही, मागच्या अंगणात होतो. पोरापोरींना खड्ड्याभोवती उभं करतो आणि प्रत्येकाला एकेक तांब्या ओतायला लावतो. ते एकमेकांकडं बघून हसतात, सरांनी पूजा मांडली म्हणतात. मी त्यांना एका मिस्त्रीची गोष्ट सांगतो, ज्याच्या हाताखालच्या माणसानं हयगय केली. 'हयगय' हा शब्द मी दर वर्षी वापरतो. मेंढरं मी कधी सांगत नाही. मागच्या वर्षी एका मुलीनं विचारलं, "सर, मग त्या हाताखालच्या माणसाचं पुढं काय झालं?" मी म्हटलं, त्याची बदली झाली.

जुनी टाकी गल्लीत आली त्यानंतरच्या रविवारी मी सिल्लोडची गाडी धरली. रस्ता ओळखू येत नव्हता. दोन्हीकडची वडाची झाडं गेली होती, रुंदीकरण, मग पुन्हा रुंदीकरण, आणि सगळ्यावर पांढरी धूळ. फुलंब्रीपर्यंत मी वाक्य जुळवत होतो. पुढं जुळवायचं सोडून दिलं आणि नुसता खिडकीबाहेर बघत बसलो.

मक्याच्या आडतीमागच्या गल्लीत घर सापडलं. मिस्त्री ओट्यावर खाटेवर बसला होता. दाढी पूर्ण पांढरी. मला बघून उठला नाही, दचकलाही नाही. "आओ सोपान," म्हणाला, जणू मी कालच गेलो होतो. आत बघून चहा सांगितला. मुलींची लग्नं झाली, मोठीला दोन मुलं, जावयाचं दुकान आहे, तिथं सकाळी तासभर बसतो, गुडघे दुखतात, हे सगळं त्यानं न विचारता सांगितलं. मी हूं हूं करत होतो. चहा आला तेव्हा मी कप खाली ठेवला आणि बोललो.

"मिस्त्री, एक सांगायचंय. तेव्हा खड्ड्यात पाणी मी टाकत नव्हतो."

त्यानं बशीत चहा ओतला. डाव्या हातानं. फुंकर मारली. "मालूम है."

"काय मालूम है?"

"मेंढरांना पाजत होतास. खड्ड्यापाशी लेंड्या पडलेल्या असायच्या रोज. मी वेल्डर हाय, आंधळा नाय."

"मग तुम्ही बोलला का नाय?"

"क्या बोलू? मुक्या जनावराला पाजू नको म्हणू? मी बी पाहिली ना कोकरं. म्हटलं, बाई जाईल दोन-चार दिसांत, तवर चलता है. मशीनला हात लावून बघितलं एक-दोनदा, उलट्या हातानं. नाय चावली. अन् बटण तर मीच दाबत होतो रोज, का तू?" त्यानं बशी ओठाला लावली. "शेठ आला होता दवाखान्यात. त्याला सांगितलं, पानी मैंने बंद करवाया. पोराचा काय संबंध नाय."

म्हणून शेठनं विचारलं नव्हतं. एवढी वर्षं जे मी छातीवर घेऊन फिरत होतो ते या माणसानं पहिल्याच आठवड्यात उचलून स्वतःच्या नावावर घेतलं होतं. मला एकदम हलकं वाटलं. इतकं हलकं, की मी चक्क हसलो. म्हणालो, "मग मिस्त्री, तुम्हाला माझा राग नव्हता?"

"हाय की," तो म्हणाला. "अजून हाय."

"कशाचा?"

त्यानं बशी खाली ठेवली. आडतीत कुणीतरी मक्याची पोती उतरवत होतं, त्यांचा धपधप आवाज येत होता.

"इतवारी मी ष्टँडवर जायचो," तो म्हणाला. "संभाजीनगरची गाडी लागायची तवा. बाकड्यावर बसायचो. कुणी इचारलं तर सांगायचो, पेपर वाचतोय. दोन वर्सं गेलो. मग भाभी तुझी म्हणाली, बस करो. मग मला बी समजलं. मिस्त्रीचा हात गेला, आता त्याच्याकडं शिकायला काय राहिलं? कशाला येईल पोरगं?"

"नाय हो मिस्त्री," मी म्हणालो. "तसं नव्हतं." बारा वर्षं मी एकटा राहून शिक्षा भोगतोय असं समजत होतो, आणि इकडं हा माणूस बाकड्यावर बसून स्वतःला बिनकामाचा ठरवत होता. माझ्या चुकीनं त्याची दोन बोटं गेली होती. बाकीचं मी न येऊन केलं होतं, आणि त्या न येण्याला मेंढरांचं कारणही नव्हतं.

भाभींनी आतून विचारलं, "जेवून जाणार ना?"

मिस्त्री रस्त्याकडं बघत होता. "उसको पूछो," तो म्हणाला. "मुझे क्या मालूम उसके पास कितना टाइम है."

"जेवून जाईन, भाभी," मी म्हणालो. तरीही त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.